परिवलन जाल व परिवलन फेस यांच्या सीमा

गुरुत्वाकर्षणाच्या वलय पुंज सिद्धांतातील एक मूलभूत संकल्पना. या सिद्धांतानुसार अवकाश अखंड व गुळगुळीत नसून अतिसूक्ष्म पातळीवर ते एका जालाच्या स्वरूपाचे आहे. जालातील प्रत्येक दुव्यावर अर्धपूर्णांक किंवा पूर्णांक परिवलन अंक लिहिलेला असतो, म्हणून त्यास परिवलन जाल म्हणतात. काळाच्या ओघात जाल बदलत गेले म्हणजे त्याचा जो चतुर्मितीय मागोवा उरतो, त्यास परिवलन फेस असे नाव आहे. साबणाच्या फेसाला जशा पातळ पटलांच्या भिंती असतात, तशाच या गणिती फेसालाही असतात. फेसाचा एखादा भाग वेगळा काढला, तर त्याच्या सीमेवर परिवलन जालच आढळते. प्रयोगाने ज्यांची पडताळणी करता येईल अशी सर्व विधाने या सीमेवरच करता येत असल्याने सीमेचा प्रश्न हा केवळ गणिती बारकावा नसून सिद्धांताच्या भौतिक अर्थाचा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी : ॲल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१५ मध्ये मांडलेल्या व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश-कालाची वक्रता होय. द्रव्य वक्रता निर्माण करते व वक्रता द्रव्याच्या गतीचे नियमन करते. दुसरीकडे पुंजयामिकीनुसार प्रत्येक भौतिक क्षेत्रास अनिश्चिततेचे तत्त्व लागू पडते व ऊर्जा, कोनीय संवेग यांसारख्या राशी ठराविक टप्प्यांनीच बदलतात. अवकाश-काल हेच जर एक क्षेत्र असेल, तर त्यालाही हे नियम लागू झाले पाहिजेत. हे नियम ज्या लांबीला प्रभावी ठरतील ती प्लांक लांबी होय. एकावर पस्तीस शून्ये दिल्याने होणाऱ्या संख्येने १·६ मी. या अंतरास भागले असता ही लांबी मिळते. अणुकेंद्राच्या आकारमानाशी तुलना केली तरी ती सु. वीस घातांनी लहान आहे.

विद्युत् चुंबकीय क्षेत्राचे पुंजीकरण करताना अवकाश-कालाची पार्श्वभूमी अगोदरच ठरलेली असते. रंगमंच स्थिर व पात्रे चल, अशी ती परिस्थिती असते. गुरुत्वाकर्षणाच्या बाबतीत रंगमंच हेच पात्र असल्याने जुनी तंत्रे अपुरी पडतात. जे. ए. व्हीलर व बी. एस. डेविट यांच्या प्रयत्नांतून १९६७ मध्ये पुढे आलेले पुंज गुरुत्वाकर्षणाचे समीकरण तत्त्वतः योग्य दिशेचे होते. परंतु त्याचा नेमका गणिती अर्थ लावणे किंवा ते सोडविणे जवळजवळ अशक्य ठरले. त्यात काळ ही राशी उघडपणे येतच नाही, ही आणखी एक अडचण होती.

अष्टेकर चले : ही कोंडी फोडण्याचे श्रेय प्रामुख्याने अभय अष्टेकर या मराठी भौतिकीविज्ञांकडे जाते. त्यांचा जन्म ५ जुलै १९४९ रोजी सध्याच्या धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथे झाला. शिकागो विद्यापीठातून १९७४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पुढे सिरॅक्यूज विद्यापीठात व १९९३ पासून पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात त्यांनी संशोधन केले. अमिताभ सेन यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या एका विशिष्ट संयोजनाचा आधार घेऊन अष्टेकर यांनी १९८६ मध्ये व्यापक सापेक्षतेची समीकरणे नव्या चलांत लिहून दाखविली. तोपर्यंत अवकाशातील अंतरे ही मूळ राशी मानली जात. अष्टेकर यांनी तिच्या जागी एखादी दिशा एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेताना ती किती वळते, हे सांगणारी राशी घेतली. त्यामुळे समीकरणे पुष्कळच सोपी झाली आणि अणुकेंद्रीय प्रेरणांच्या सिद्धांतात वापरली जाणारी गणिती साधने गुरुत्वाकर्षणाला लावणे शक्य झाले. अमेरिकन फिजिकल सोसायटीचे आइन्स्टाइन पारितोषिक अष्टेकर यांना २०१८ मध्ये देण्यात आले.

एखादी दिशा बंद वलयावरून फिरवून मूळ जागी आणली असता तिच्यात पडणारा फरक वलयाने वेढलेल्या वक्रतेचे माप असतो. टी. जेकबसन व ली स्मोलिन यांनी १९८८ मध्ये अशा वलयांच्या साहाय्याने पुंज समीकरणाची काही उत्तरे शोधली. त्यानंतर कार्लो रोव्हेली व स्मोलिन यांनी सगळा सिद्धांतच वलयांच्या भाषेत मांडला. वलय पुंज गुरुत्व हे नाव त्यावरून पडले.

परिवलन जाल : ब्रिटिश गणितज्ञ रॉजर पेनरोझ यांनी परिवलन जालाची कल्पना १९७१ मध्ये स्वतंत्रपणे मांडली होती. अवकाशाची कल्पना आधी गृहीत न धरता केवळ कोनीय संवेगाच्या बेरजेच्या नियमांवरून दिशा व कोन यांची उभारणी करता येईल काय, हा त्यांचा प्रश्न होता. एकमेकांना छेदणाऱ्या वलयांचा हिशेब ठेवण्यास हीच जाले सर्वांत सोयीची आहेत, असे रोव्हेली व स्मोलिन यांना १९९५ मध्ये आढळून आले. पेनरोझ यांच्या जालांना अशा रीतीने सु. पंचवीस वर्षांनंतर भौतिक अर्थ प्राप्त झाला.

परिवलन जालात दोन घटक असतात : दुवे व गाठी. प्रत्येक दुव्यावर १/२, १, ३/२, २ यांपैकी एक अंक असतो. प्रत्येक गाठीपाशी मिळणारे दुवे एकत्र कसे जोडले आहेत हे सांगणारी राशी असते. तिला गुंफक म्हणता येईल. गाठी म्हणजे अवकाशाच्या घनफळाचे कण, तर दुवे म्हणजे शेजारशेजारच्या दोन कणांमधील सामाईक भिंतीचे क्षेत्रफळ होय. हे जाल अवकाशात ठेवलेले नाही. जाल हेच अवकाश आहे. म्हणून एखादी गाठ कोठे आहे हा प्रश्न निरर्थक ठरतो. ती कोणत्या गाठींच्या शेजारी आहे, एवढेच विचारता येते.

जाल व पृष्ठभाग : छत्रपती संभाजीनगर शहरातील हिमरू किंवा त्याच जिल्ह्यातील पैठण येथील पैठणी दुरून पाहिली असता सलग दिसते; भिंगाखाली मात्र तिचे ताणे व बाणे वेगळे दिसतात. अशा वस्त्राला कात्री लावली, तर कापाची लांबी पट्टीने न मोजता तुटलेले धागे मोजूनही सांगता येईल. अष्टेकर, रोव्हेली व स्मोलिन यांनी १९९२ मध्ये गुळगुळीत अवकाश हे अशा पुंज धाग्यांच्या विणीतून कसे भासमान होते, हे दाखविले. वस्त्र द्विमितीय असल्याने काप ही रेषा असते. अवकाश त्रिमितीय असल्याने तेथील काप हा पृष्ठभाग असतो व त्याचे क्षेत्रफळ त्याला छेदणाऱ्या दुव्यांवरून ठरते. मात्र या उपमेला एक मर्यादा आहे. वस्त्रातील धाग्यांमध्ये मोकळी जागा असते. जालाच्या दुव्यांमध्ये अवकाशच नसल्याने मोकळ्या जागेचा प्रश्न उद्‌भवत नाही.

एका दुव्यामुळे पृष्ठभागास मिळणारे क्षेत्रफळ, दुव्यावरील अंक ज असल्यास, ज × (ज + १) या गुणाकाराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असते. ज = १/२ असल्यास हे वर्गमूळ ०·८६६, ज = १ असल्यास १·४१४ व ज = ३/२ असल्यास १·९३६ येते. एखाद्या पृष्ठभागास १/२ अंकाचे दोन व १ अंकाचा एक असे तीन दुवे छेदत असतील, तर त्याचे माप ०·८६६ + ०·८६६ + १·४१४ म्हणजे ३·१४६ होईल. या मापाला ८, पाय, प्लांक लांबीचा वर्ग आणि बार्बेरो-इम्मिर्झी स्थिरांक यांच्या गुणाकाराने गुणले म्हणजे प्रत्यक्ष क्षेत्रफळ मिळते. हा स्थिरांक सिद्धांतातून निघत नाही. तो बाहेरून ठरवावा लागतो. यावरून शून्याहून मोठे असे लघुतम क्षेत्रफळ असते हा महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. मोठ्या पृष्ठभागांच्या बाबतीत शक्य क्षेत्रफळांमधील अंतरे इतकी कमी होतात, की व्यवहारात क्षेत्रफळ अखंडच वाटते. सर्व दुवे १/२ अंकाचे मानले, तर १ चौ. सेंमी. पृष्ठभागाला छेदणाऱ्या दुव्यांची संख्या एकावर सु. ६५ शून्ये इतकी भरते.

उघडी टोके : सीमा नसलेल्या अवकाशातील जाल बंद असावे लागते, त्याचा कोणताही दुवा मध्येच संपत नाही. याचे कारण असे, की प्रत्येक गाठीपाशी मिळणाऱ्या परिवलनांची सदिश बेरीज शून्य होणे आवश्यक असते. निरीक्षकाने आपले अक्ष कसेही फिरविले तरी भौतिक स्थिती बदलू नये, या अटीतून हा नियम येतो. एकाकी टोकापाशी दुव्याच्या परिवलनाला तोलणारे दुसरे काहीच नसते. त्यामुळे असे टोक दोनच प्रसंगी संभवते. टोकापाशी इलेक्ट्रॉनासारखा १/२ परिवलनाचा द्रव्यकण असेल, तर तो दुव्याचे परिवलन तोलतो. अथवा विचाराधीन प्रदेशाला सीमापृष्ठ असेल, तर दुवा त्या पृष्ठावर संपू शकतो. दुसऱ्या प्रकारात टोकाचे परिवलन ही सीमेची स्वतःची राशी ठरते व सीमेपलीकडील जालाशी जोडणी करताना तीच उपयोगी पडते. बंद खोलीच्या भिंतीतून बाहेर आलेल्या तारांच्या टोकांवरून आतील जोडणीविषयी काही सांगता यावे, तसा हा प्रकार आहे.

परिवलन फेस : आर. पी. फाइनमन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार एखादी पुंज प्रणाली एका स्थितीतून दुसरीत जाताना सर्व शक्य मार्गांचा हिशेब घ्यावा लागतो. प्रत्येक मार्गास एक संभाव्यता परमप्रसर असतो. सर्व परमप्रसरांची बेरीज करून तिच्या मूल्याचा वर्ग घेतला म्हणजे संभाव्यता मिळते. गुरुत्वाकर्षणात मार्ग म्हणजे अवकाश-कालाची एक संपूर्ण भूमिती होय. भारतात जयंत नारळीकर व टी. पद्मनाभन यांनी या पद्धतीचा वापर करून विश्वाच्या आरंभाजवळील पुंज चढउतारांचा अभ्यास केला व १९८३ मध्ये त्यावर विस्तृत समालोचन प्रसिद्ध केले.

वलय सिद्धांतात मार्ग म्हणजे परिवलन जालाचा इतिहास असतो. मायकेल राइझेनबर्गर व रोव्हेली यांनी १९९७ मध्ये या इतिहासांची बेरीज पृष्ठांच्या बेरजेच्या रूपात लिहिली. जॉन बाएझ यांनी १९९८ मध्ये अशा रचनांना परिवलन फेस हे नाव दिले. जालातील दुवा काळात सरकला म्हणजे फेसाचे पटल तयार होते व गाठ सरकली म्हणजे फेसाची कड तयार होते. जेथे एक गाठ फुटून अनेक गाठी होतात किंवा अनेक गाठी मिळून एक होते, तेथे फेसाचा शिरोबिंदू असतो. प्रत्यक्ष बदल घडतो तो शिरोबिंदूपाशीच. इतरत्र जाल जसेच्या तसे पुढे जात असते.

फेसाची सीमा : वरील क्रिया उलट दिशेने केली असता सीमेचे स्वरूप स्पष्ट होते. फेसाला कोठेही काप दिला, तर कापलेल्या पटलाच्या जागी दुवा व कापलेल्या कडेच्या जागी गाठ मिळते. पटलावर लिहिलेला परिवलन अंक दुव्याकडे व कडेवरील गुंफक गाठीकडे येतो. म्हणजेच कापावर एक संपूर्ण परिवलन जाल उमटते. फेसाची मिती दोन, तर त्याच्या सीमेची एक असते. फेस ज्या अवकाश-कालाचे वर्णन करतो त्याची मिती चार, तर जाल ज्या अवकाशाचे वर्णन करते त्याची तीन असते. दोन्हीकडे सीमेची मिती एकाने कमी होते.

संपूर्ण फेसाची सीमा असलेले जाल नेहमी बंद असते. गोलाची सीमा असलेल्या पृष्ठाला स्वतःची कड नसते, त्याचप्रमाणे सीमेला सीमा नसते या सर्वसाधारण भूमितीय तत्त्वाचे हे उदाहरण आहे. मात्र ही सीमा दोन किंवा अधिक तुकड्यांत विभागली, तर तुकड्यांमधील सांध्यावर दुवे तुटतात व वर वर्णन केलेली उघडी टोके तेथे दिसू लागतात. तुकडे पुन्हा जुळविले, की टोके एकमेकांस मिळून जाल पूर्ववत् बंद होते.

सीमेचे दोन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारात सीमा आरंभीचे जाल व अखेरचे जाल अशी दोन तुकड्यांची असते. या दोहोंमधील संक्रमणाचा परमप्रसर काढावयाचा असतो. दुसऱ्या प्रकारात अवकाश-कालाचा मर्यादित प्रदेश चोहोबाजूंनी वेढणारी एकच सलग सीमा असते. रॉबर्ट ओकल यांनी २००३ मध्ये पुंजयामिकीची जी सर्वसाधारण सीमारूप मांडणी केली, तिच्यात हा दुसरा प्रकार मध्यवर्ती आहे. प्रयोगशाळेतील कोणताही प्रयोग मर्यादित जागेत व मर्यादित वेळात घडतो आणि उपकरणे त्या प्रदेशाच्या सीमेवर असतात. बिनगुरुत्वाच्या भौतिकीत उपकरणांची अंतरे व घड्याळांची मापे वेगळी सांगावी लागतात. गुरुत्वाकर्षणाच्या पुंज सिद्धांतात मात्र भूमिती हीच सीमेवरील स्थितीचा भाग असल्याने किती अंतर व किती वेळ या प्रश्नांची उत्तरे सीमेवरील जालातच अंतर्भूत असतात. समीकरणात काळ उघडपणे का आढळत नाही, या जुन्या कोड्याला यामुळे एक समाधानकारक उत्तर मिळाले.

पुंजीकरणापूर्वीच्या सिद्धांतातही सीमेला महत्त्व आहे. सीमायुक्त प्रदेशासाठी आइन्स्टाइन यांच्या क्रियेत एक सीमापद जोडावे लागते, हे जी. डब्ल्यू. गिबन्स व स्टीव्हन हॉकिंग यांनी १९७७ मध्ये कृष्ण विवरांच्या संदर्भात ठळकपणे दाखविले. पुणे येथील आयुका या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत पद्मनाभन (१९५७–२०२१) यांनी या क्रियेतील अंतर्भागाचे पद व पृष्ठपद यांच्या परस्परसंबंधांवर दीर्घकाळ संशोधन केले. गुरुत्वाकर्षणाची पुष्कळशी माहिती सीमेवर साठविलेली असते, हा विचार त्यातून पुढे आला.

एका शिरोबिंदूची सीमा : सर्वाधिक अभ्यासलेल्या प्रतिमानात अवकाश-कालाचे लहानात लहान चतुर्मितीय ठोकळे कल्पिले जातात. त्रिकोणास तीन बाजू व चतुष्फलकास चार त्रिकोण असतात, त्याच क्रमाने या ठोकळ्याच्या सीमेवर पाच चतुष्फलक असतात. त्यांपैकी कोणत्याही दोहोंमध्ये एक त्रिकोण सामाईक असल्याने त्रिकोणांची संख्या दहा भरते. प्रत्येक ठोकळ्यास फेसाचा एक शिरोबिंदू, प्रत्येक चतुष्फलकास सीमेवरील एक गाठ व प्रत्येक त्रिकोणास एक दुवा जोडला जातो. त्यामुळे शिरोबिंदूच्या सीमेवरील जालात पाच गाठी व दहा दुवे असतात आणि प्रत्येक गाठ इतर चारही गाठींना जोडलेली असते. पंचकोन काढून त्याचे सर्व कर्ण ओढले म्हणजे हे जाल कागदावर मिळते. दहा परिवलन अंक व पाच गुंफक अशा पंधरा राशी दिल्या, की शिरोबिंदूचा परमप्रसर निश्चित होतो.

चतुष्फलकाचा आकार पूर्णपणे सांगण्यास सहा संख्या लागतात. पुंज चतुष्फलकाच्या बाबतीत मात्र चार फलकांची क्षेत्रफळे व आणखी एक राशी अशा पाचच संख्या एकाच वेळी निश्चित करता येतात; सहावी अनिश्चिततेच्या तत्त्वामुळे अनिश्चित राहते. म्हणून सीमेवरील भूमिती काहीशी धूसर असते.

दोन प्रदेशांची जोडणी : शेजारच्या दोन प्रदेशांचे परमप्रसर माहीत असतील, तर एकत्रित प्रदेशाचा परमप्रसर काढण्यासाठी सामाईक सीमेवर शक्य असणाऱ्या सर्व परिवलन अंकांची व गुंफकांची बेरीज करतात. जोडणीनंतर सामाईक सीमा अंतर्भागात जाते व तिच्यावरील अंक निरीक्षणाचा विषय राहत नाहीत. उरलेल्या बाह्य सीमेवरील अंक मात्र कायम राहतात. कोणतीही सीमा निसर्गाने आखून दिलेली नाही. निरीक्षक ती जेथे आखील तेथे ती असते, हे यावरून दिसून येईल.

प्रतिमानाची कसोटी : सीमेवरील जाले मूळ वलय सिद्धांतातील जालांशी तंतोतंत जुळली पाहिजेत. तसे न झाल्यास फेस व जाल ही एकाच सिद्धांताची दोन रूपे ठरत नाहीत. जॉन बॅरेट व लुइस क्रेन यांचे १९९८ मधील प्रतिमान याच कसोटीवर अपुरे पडले. गाठीपाशी १/२ अंकाचे चार दुवे असतील, तर वलय सिद्धांतानुसार दोन स्वतंत्र गुंफक शक्य असतात. बॅरेट-क्रेन प्रतिमानात मात्र दुव्यांचे अंक ठरले, की एकच गुंफक उरतो. त्यामुळे चतुष्फलकाच्या आकाराचे स्वातंत्र्य नाहीसे होते. एमान्वेले आलेशी व रोव्हेली यांनी २००७ मध्ये या प्रतिमानातून गुरुत्वीय तरंगांचे अपेक्षित वर्तन पूर्णपणे मिळत नाही, असे दाखवून दिले. लगेच २००८ मध्ये जोनाथन एंगल, रॉबेर्तो पेरेरा, रोव्हेली व एतेरा लिव्हाइन यांनी, तसेच लॉरां फ्रायडेल व किरिल क्रास्नॉव्ह यांनी सुधारित प्रतिमाने मांडली. एंगल व सहकाऱ्यांच्या प्रतिमानाची सीमास्थिती वलय सिद्धांताशी जुळते. परिवलन अंक मोठे असून सीमेवरील राशी खऱ्याखुऱ्या चतुर्मितीय ठोकळ्याच्या असतील, तर शिरोबिंदूच्या परमप्रसरातून टुल्लिओ रेज्जे यांनी १९६१ मध्ये दिलेले गुरुत्वाकर्षणाचे खंडित रूप मिळते, असे बॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सिद्ध केले.

कृष्ण विवराचे क्षितिज : निसर्गातील सर्वांत लक्षणीय सीमा म्हणजे कृष्ण विवराचे क्षितिज. त्याच्या आतून बाहेर कोणतीही वार्ता येऊ शकत नाही. जे. डी. बेकेनस्टाइन यांच्या १९७३ मधील व हॉकिंग यांच्या त्यानंतरच्या संशोधनानुसार कृष्ण विवरास एंट्रॉपी असते व ती क्षितिजाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. सूर्याइतक्या वस्तुमानाच्या कृष्ण विवराच्या क्षितिजाचे क्षेत्रफळ सु. १०९ चौ. किमी. असून बोल्ट्समान स्थिरांकाच्या एककात त्याची एंट्रॉपी एकावर ७७ शून्ये इतकी प्रचंड येते. ही एंट्रॉपी कोणत्या सूक्ष्म स्थितींची गणना करते, हा प्रश्न अनुत्तरित होता. बाहेरील जालाचे दुवे क्षितिजावर संपतात व त्यांच्या टोकांच्या शक्य मांडण्या म्हणजेच त्या सूक्ष्म स्थिती होत, असे उत्तर वलय सिद्धांताने दिले. अष्टेकर, बाएझ, आलेहान्द्रो कोरिची व क्रास्नॉव्ह यांनी १९९८ मध्ये ही गणना केली असता एंट्रॉपी क्षेत्रफळाच्या प्रमाणात आली. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतील रोमेश कौल व पार्थसारथी मजुमदार यांनी २००० मध्ये तिच्यातील लॉगरिथमी दुरुस्ती काढली. मात्र प्रमाणगुणक हॉकिंग यांच्या सूत्राशी जुळण्यासाठी बार्बेरो-इम्मिर्झी स्थिरांक गणनेच्या पद्धतीनुसार सु. ०·२४ किंवा ०·२७ घ्यावा लागतो. हे मूल्य स्वतंत्र मार्गाने मिळत नाही, हा त्यावरील मुख्य आक्षेप आहे.

एकमात्रतेच्या पलीकडे : व्यापक सापेक्षतेनुसार विश्वाचा आरंभ व कृष्ण विवराचा अंतर्भाग येथे घनता अमर्याद होते व अवकाश-काल जणू तुटलेल्या कड्याशी संपतो. लघुतम क्षेत्रफळ अस्तित्वात असेल, तर असे होऊ नये. अष्टेकर, टोमाश पाव्ह्लोव्ह्‌स्की व परमप्रीत सिंह यांनी २००६ मध्ये सोप्या विश्वप्रतिमानांच्या बाबतीत दाखविले, की घनता प्लांक घनतेच्या सु. ०·४१ पटीपर्यंत वाढून आकुंचनाचे प्रसरणात रूपांतर होते. जी सीमा मानली गेली होती ती सीमा नव्हे, असा याचा अर्थ होतो. कृष्ण विवराविषयी हॅल हॅगर्ड व रोव्हेली यांनी २०१५ मध्ये असे सुचविले, की त्याचे पुंज संक्रमणाने श्वेत विवरात रूपांतर होत असावे. जेथे आइन्स्टाइन यांची समीकरणे लागू पडत नाहीत असा प्रदेश सीमेने वेढून घ्यावयाचा व त्या सीमेवरील जालासाठी फेसांची बेरीज करावयाची, अशी या गणनेची रीत आहे.

अनिर्णित प्रश्न : फेसात बुडबुड्यासारखी सर्व बाजूंनी बंद पटले असतील, तर त्यांवरील अंकांना वरची मर्यादा न राहिल्याने बेरीज अनंत होऊ शकते. त्रिमितीय सिद्धांतात व्ही. जी. तुराएव्ह व ओ. वाय. व्हिरो यांच्या १९९२ मधील रचनेने हा दोष दूर होतो. चतुर्मितीय सिद्धांतात तो पूर्णपणे सुटलेला नाही. दिलेल्या सीमेसाठी सर्व फेसांची बेरीज करावयाची, की एकच फेस अधिकाधिक बारीक करीत जावयाचा, याविषयीही एकमत नाही. काही गणनांवरून फेस केवळ सपाट भूमितीच पसंत करतो की काय, अशी शंका घेण्यात आली असून संगणकीय गणनांद्वारे तिचा तपास चालू आहे. तंतू सिद्धांतासारखे प्रतिस्पर्धी सिद्धांत अवकाशाची अशी खंडित रचना मूलभूत मानीत नाहीत.

प्रायोगिक पुरावा अद्याप मिळालेला नाही. अवकाश खंडित असल्यास भिन्न ऊर्जांच्या प्रकाशकिरणांचा वेग किंचित भिन्न असावा, असे काहींनी सुचविले होते. २००९ मध्ये फेर्मी उपग्रहाने नोंदविलेल्या एका दूरस्थ गॅमा किरण स्फोटात तसा फरक दिसला नाही. त्यामुळे असा फरक मानणारी अनेक प्रतिमाने बाद झाली. परंतु वलय सिद्धांतातून असा फरक अपरिहार्यपणे निघतो असे सिद्ध झालेले नसल्याने मूळ सिद्धांताचा निर्णय त्यावरून लागला नाही. कृष्ण विवरांच्या टकरीतून उठणारे गुरुत्वीय तरंग १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथम नोंदविले गेले. हे तरंग टिपण्यासाठी मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ सु. ४ किमी. लांबीच्या दोन भुजांची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये खर्चाची मंजुरी दिली. एक-एक दुवा दिसण्याइतकी सूक्ष्मता अशा उपकरणांत नाही. तथापि क्षितिजांच्या क्षेत्रफळांची एकमेकांशी तुलना त्यांच्या साहाय्याने करता येते. जिच्यावर जालाचे दुवे संपतात असे सिद्धांत सांगतो, त्या सीमेविषयी प्रत्यक्ष निरीक्षणातून माहिती मिळविण्याचे हे आजवरचे सर्वांत समर्थ साधन आहे.